पलंगाची बाजू

"तुमचे पती पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपतात?"

ती खुर्चीत सावरून बसली. चाळीस प्रश्न झाले होते आणि चाळीसही तिने चुटकीसरशी सोडवले होते. नवऱ्याचा दात घासायचा ब्रश निळा. सासूबाईंचं ऑपरेशन झालं ते डाव्या गुडघ्याचं. नवरा चहात दोन चमचे साखर घेतो आणि एकच घेतो म्हणून सांगतो. यावर टेबलापलीकडच्या अधिकारी बाई चक्क हसल्याही होत्या. आता हा शेवटचा.

"मधोमध," ती म्हणाली.

बाईंनी लिहून घेतलं. "आणि तुम्ही?"

"मीपण मधोमध."

बाईंचं पेन थांबलं.

लग्न खरं आहे की कागदापुरतं, एवढंच बाईंना ठरवायचं होतं. खरं ठरलं तर तिला नवऱ्याजवळ कायम राहायचा परवाना मिळणार. नाही ठरलं तर तीस दिवसांत देश सोडायचा आणि पाच वर्षं पुन्हा अर्ज करायचा नाही. शेजारच्या खोलीत नवऱ्याला दुसरे साहेब हेच प्रश्न विचारत होते.

दोन वर्षांपूर्वी ती इथे आली, तेव्हा पहिले आठ दिवस दोघं जमिनीवर एका सतरंजीवर झोपले. नवव्या दिवशी नियम कळले. बायकोला इथे ठेवायचं तर घरात ठरावीक कमाई हवी, तीही सलग दोन वर्षं. एकाच्या पगारात ते बसणं शक्य नव्हतं. नवऱ्याने पावाच्या भट्टीवर रात्रपाळी धरली, तिने इस्पितळाच्या धुलाईघरात दिवसपाळी. आठवड्याची सुट्टीही दोघांनी कामालाच लावली. त्या रात्री तो एका गोदामावर पहारा द्यायचा, ती दिवसभर लोकांच्या फरश्या पुसायची. पहिल्या पगारातून मात्र त्यांनी हौसेने चांगला ऐसपैस दुहेरी पलंग घेतला. रात्री त्यावर ती झोपायची, दिवसा तो.

सकाळी सहाला बसथांब्यावर तो उतरायचा, ती चढायची. खोलीची किल्ली एकच होती, ती या हातातून त्या हातात जायची. संध्याकाळी सहाला तेच, फक्त उलट. ड्रायव्हर दार उघडं ठेवेल तेवढा वेळ नवराबायकोचा. बाकीचा संसार पावाच्या कागदी पिशव्यांवर चालायचा. 'भाजी झाकून ठेवलीय, गार खाऊ नका.' 'दूध उतू गेलं, रागावू नकोस.' 'खोकल्याचं औषध उशीखाली आहे, झाकण नीट लावा.' तिने यातली एकही पिशवी फेकली नव्हती.

शेजारच्या मावशींनी तिला बजावलं होतं, "डावी-उजवी आधीच ठरवून ठेवा गं. हे विचारतातच." तिने ते बसथांब्यावर नवऱ्याच्या कानावर घातलं आणि वर म्हणाली, "पण आपलं काय खोटं आहे का? पाठांतर कशाला? आहे तसं सांगू." तो "बरं" म्हणाला आणि बस सुटली.

शेजारच्या खोलीतले साहेब कागद घेऊन आले. मागोमाग नवरा आला. बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"यांनीही मधोमधच सांगितलंय," बाई म्हणाल्या.

उत्तर जुळलं म्हणून नवऱ्याचा चेहरा एवढा फुलला की बघवेना. "हो बाई. अगदी खरं तेच सांगितलं आम्ही."

"एकाच पलंगावर दोघंही मधोमध कसे झोपता?"

मग त्याने पाळ्या समजावून सांगितल्या. तो जितकं सांगत गेला, तितका बाईंचा चेहरा उतरत गेला. तिला ते दिसत होतं. नवऱ्याला गप्प कसं करावं हे तिला सुचेना. शेवटी तिने पायाशी ठेवलेली थैली उचलली आणि टेबलावर रिकामी केली. शेकडो पिशव्या पसरल्या. पावाचा चुरा बाईंच्या कागदांवर पडला.

"हे बघा ना," ती म्हणाली. "रोजच्या आहेत. मी वाचून दाखवते."

तिने एकामागून एक तीन वाचल्या. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बाई वाईट नव्हत्या.

"एका घरात राहणारी माणसं एकमेकांना चिठ्ठ्या लिहीत नाहीत हो," त्या हळूच म्हणाल्या आणि त्यांनी शिक्का उचलला.

बाहेर आल्यावर दोघांनी कागद वाचला. कमाईच्या रकान्यात बरोबरची खूण होती. सहवासाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'आढळला नाही.' खाली तीस दिवसांनंतरची तारीख होती.

मुलाखतीसाठी दोघांनीही एकाच दिवशी रजा काढली होती, दोन वर्षांत पहिल्यांदाच. भर दुपारी ते एकत्र जिना चढले. किल्ली कोणी काढायची यावरच दाराशी जरा घोटाळा झाला. दोघं आत आले. डोकं ठणकत होतं, निदान घटकाभर आडवं व्हावं असं दोघांनाही वाटत होतं.

तिने पलंगावरची चादर ओढली. गादीला बरोबर मधोमध खळगा पडला होता, एकच. तो डावीकडून निघाला तर तीही डावीकडेच आलेली. दोघं थबकले, आणि वाट द्यायला म्हणून दोघंही एकदमच उजवीकडे वळले. मग तिथेच उभे राहिले.

"अहो," ती अवघडून म्हणाली, "तुम्ही कुठल्या बाजूला झोपता?"