शिवणीजवळचा फेरा

मास्तरांच्या कपाळावरचा घाम बाईंनी रुमालाने टिपला.

"आता पुरे," त्या म्हणाल्या. "शाळेत पोरं तुम्हाला चळाचळा कापायची, हे इथे कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल."

"छातीत धडधडतंय गं."

"धडधडू दे. थांबलं तर सांगा."

हृदयरोपणाला तीन वर्षं झाली होती. परक्याचं हृदय घरच्यासारखं रुळलं होतं. गोळ्यांची एकही वेळ चुकली नव्हती. तो सगळा कारभार बाईंचा. गेल्या महिन्यात मात्र हृदयाने ताल सोडला. झोपेत धावायचं, जिन्यावर अडखळायचं. शरीर ते नाकारतंय की काय, ही पहिली भीती. म्हणून त्याचा कणभर तुकडा काढून तपासला. अहवाल चांगला आला. मास्तरांनी तो चारदा वाचला आणि शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या. म्हणजे जिवात जीव आला होता.

रात्रीपासून पोटात काही घ्यायचं नाही, अशी सूचना होती. मास्तरांनी ती अशी पाळली की शेजारपाजाऱ्यांनाही कळली. बाईही उपाशीच होत्या, पण त्याचा गाजावाजा नव्हता.

डॉक्टरीणबाई आल्या. हृदयातली वीज दुरुस्त करणं हे त्यांचं काम. बोलणं बेताचं, हसणं त्याहून बेताचं. हात मात्र असा की बाकीचे डॉक्टर आपली अडलेली कामं गुपचूप त्यांच्याकडे पाठवत.

"जुनं आणि नवं हृदय जिथे शिवलंय, तिथे वण आहे," त्या म्हणाल्या. "वीज त्या वणाभोवती गोल गोल फिरत राहते. जांघेतल्या शिरेतून तार वर न्यायची आणि तेवढी जागा डागायची. फेरा तुटला की ठोके सरळ."

"आणि नाही तुटला तर?" मास्तरांनी विचारलं.

"तर औषधं. पण ती हृदय टिकवायच्या गोळ्यांशी भांडतात. आणि हृदय असंच पळत राहिलं तर दमेल."

मास्तरांचा चेहरा उतरला. "दमलं तर दुसरं कोण देणार?"

"दोरा नेहमी शिवणीपाशीच गुंततो," बाई म्हणाल्या. "सोडवतील त्या. हात बघा त्यांचे, जरा तरी हलतोय का?"

"तुला भीतीच वाटत नाही का?"

"वाटते ना. पण दोघांनी घाबरून कसं चालेल? तुमचं आधी सुरू झालं."

डॉक्टरीणबाई चक्क हसल्या आणि तयारीला गेल्या.

थोड्या वेळाने वॉर्डबॉय चाकांची खुर्ची घेऊन आला. मास्तरांचे पाय लटपटत होते. बाईंनी त्यांना दंडाला धरून बसवलं आणि वरात लांब बोळातून निघाली. लोक अदबीने बाजूला होत होते. बाई शेजारून चालत होत्या, एक हात मास्तरांच्या खांद्यावर. मध्येच त्या थांबल्या, भिंतीला टेकल्या.

"काय झालं?" मास्तरांनी मान वळवली.

"चपलेत खडा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा चालू लागल्या.

दारापाशी डॉक्टरीणबाई हिरव्या कपड्यांत उभ्या होत्या. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.

"मास्तर, उठा आता," त्या म्हणाल्या. "पेशंटला बसू द्या."