दुमडलेलं बोट

सकाळपासून राखीव जंगलातला चढ चढून वाट दाखवणाऱ्या सहोलीच्या पायांचे तुकडे पडले होते.

"कुठंय गं तुझा बाबाकोतू?" राजधानी आंतानानारिवोहून फिरायला आलेल्या काकू कुरकुरल्या. "मला नुसती पानंच दिसतायत."

मेलेल्यांच्या थडग्याकडे बोट दाखवायचं ते दुमडून, हा तिथला रिवाज. बाबाकोतू म्हणजे लेमूरच, पण तोही पूर्वजांपैकी, म्हणून त्याच्याकडेही तसंच. सहोलीने हे जन्मभर पाळलं होतं. आज मात्र वैतागून तिने बोट ताठ केलं.

"ते काय, काकू. त्या वाकड्या फांदीवर."

मघापासून घुमणारं रान एकदम गप्प झालं.

"हां, दिसला," काकू म्हणाल्या. "अगं, तोही काहीतरी दाखवतोय."

सहोलीने वर पाहिलं. बाबाकोतूने काळा हात थेट तिच्याकडे लांब केला होता.

बोट अदबीने दुमडलेलं होतं.