रविवारच्या गोळ्या

ताईने कुलपात किल्ली घातली आणि आतून आईचं हसू ऐकू आलं. झालं! दोन्ही हातांत आठवड्याच्या सामानाच्या पिशव्या, पाठीचा भुगा झालेला, आणि वर हे हसू. ताईच्या पोटात दुखायला लागलं.

आत धाकटी बहीण पलंगावर मांडी घालून बसली होती. आईचे डोळे चमकत होते. दाराकडे बघून ती म्हणाली, "अगं, ही बघ..."

"आधी गोळी," ताई म्हणाली. सात दिवसांच्या कप्प्यांची डबी उघडून तिने रविवार संध्याकाळची अर्धी गोळी आईच्या जिभेवर ठेवली आणि पाण्याचा पेला ओठांना लावला. अर्ध्या तासात आईचे डोळे मिटले. धाकटी चपला घालून गेली.

आठवड्यातून एक दिवस यायचं, गप्पा हाणायच्या आणि जायचं! अंघोळ, चादरी, औषधं, सहा दिवस सगळं ताई. तिच्या वाट्याला काय? तर एक 'हं' आणि एक 'नको'. लहानपणापासून हेच. धाकटी लाडाची, थोरली कामाची. ताई मनातल्या मनात इतकी जळफळायची की तिला स्वतःचीच लाज वाटायची. त्यात मागच्या महिन्यात धाकटीने हळूच विचारलं होतं, "आईला माझ्याकडे नेऊ का?" तेव्हापासून तर ताईच्या जिवाला घोर लागला होता. आईने 'जाते' म्हटलं तर?

ताई बावीस वर्षं इस्पितळात औषधांच्या खिडकीवर होती. लोक तिला 'काटेकोर बाई' म्हणत. हे तोंडावर, पाठीमागे काय म्हणत ते सोडा. झोपेच्या गोळ्या देताना तिचं बोलणं तोंडपाठ असे. "ही गोळी मेंदूतल्या शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवते. घाबरं होणं थांबतं, झोप लागते. पण तोल जातो, आणि गुंगीत घडलेलं पुढे नीट आठवत नाही. मनाने वाढवू नका, एकदम बंदही करू नका. पुढचे!"

आई पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि रात्री घाबरून उठायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी हीच गोळी लिहून दिली. ताईने डबी भरली. सकाळी अर्धी, संध्याकाळी अर्धी, घड्याळ लावून. सकाळची घेतली की ताई दोनला कामावरून येईपर्यंत आई पलंगावरून हलत नसे. रविवारी ताई भल्या सकाळी बाहेरच्या कामांना निघायची, म्हणून तेवढी सकाळची गोळी धाकटीने द्यायची.

एका सोमवारी ताईच्या कामाच्या कोटाचं बटण तुटलं. तिने बटणांचा डबा उपडा केला. पांढऱ्या बटणांत पांढऱ्या अर्ध्या गोळ्या निघाल्या. एक, दोन, चांगल्या अठरा! अठरा रविवार.

तिने तिथल्या तिथे फोन लावला. "आईचं औषध चुकवतेस? अगं, अशी गोळी मध्येच तोडली तर माणसाला झटके येतात! तुला काय कळतं गं त्यातलं?" निम्मी भीती खरी होती. उरलेल्या निम्म्यात मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. सापडली एकदाची लाडकी!

धाकटी म्हणाली, "ताई, डॉक्टरांची चिठ्ठी काढ. वाच."

चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती. 'अर्धी गोळी, गरज पडल्यास.' रोज शेकडो चिठ्ठ्या वाचणारी बाई, पण घरातली एक चिठ्ठी तिने पहिल्या दिवशी बघितली, डबी भरली आणि पुन्हा तिकडे ढुंकून पाहिलं नाही. आणि डबीला 'गरज पडल्यास' नावाचा कप्पा नसतो.

"रविवारी आईला गरज पडतच नाही," धाकटी म्हणाली.

डॉक्टरांनी दोघींनाही फैलावर घेतलं. "एकीने मनाने वाढवली, दुसरीने मनाने तोडली. छान! आता हळूहळूच कमी करायची. आधी सकाळची, मग संध्याकाळची."

ताई ब्लेडने गोळीचे बारीक बारीक तुकडे करायला लागली. आई चिडचिडी झाली, घामेजून उठायची, ताईचा हात झटकून टाकायची. आणि रविवारी दाराबाहेर तेच हसू! आई शुद्धीवर येईल आणि पहिलं वाक्य बोलेल, 'मला धाकटीकडे ने.' ताईने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. बोलू दे. आपल्याच कर्माची फळं.

सहाव्या आठवड्यात सकाळचा शेवटचा तुकडा बंद झाला. बुधवार होता. शेजारीण सकाळपासून आईपाशी बसली होती. दोनला ताई आली आणि तिने दार ढकललं.

आई खुर्चीत ताठ बसली होती. वेणी घातलेली. डोळे चमकत होते, अगदी रविवारसारखे. ताईचा पाय उंबऱ्यातच अडखळला.

"बोल," ती कशीबशी म्हणाली. "जायचंय ना धाकटीकडे?"

"तिच्याकडे कशाला?" आईने दोन्ही हात पुढे केले. "दर रविवारी तिला तुझ्याच गोष्टी सांगते आणि विचारते, माझी मोठी कधी भेटणार? इतके महिने होतीस कुठे गं तू?"