गार हीटसिंक

दाजींनी घरी बनवलेला ॲम्प्लिफायर ऐकायला त्यांच्या सासरची सगळी माणसं जमली होती. मेहुणाही ॲम्प्लिफायर घरीच बनवायचा, त्यामुळे दोघांतला खरा कारागीर कोण, याचा आज निकाल लागणार होता. तासभर भिंती हादरवून झाल्यावर दाजींनी आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर ऐटीत थाप मारली.

"लावा हात! बर्फासारखा गार! ट्रान्झिस्टरखाली पेस्ट किती लावायची, स्क्रू किती आवळायचा, ते हातात असावं लागतं."

"नाहीतर आमचा दादा," दाजींची बायको भावाकडे बघत म्हणाली, "त्याच्या हीटसिंकचा नुसता चटका बसतो."

सासूबाईंनी तर जावयाला पहिला नंबर देऊनही टाकला. मेहुणा मात्र हीटसिंकवर ठेवलेला हात काही उचलेना, आणि दाजींना घाम फुटला.



मेहुणा दाजींच्या कानाला लागला. "दाजी, खरोखर वाजला की हीटसिंक तापतोच. विकतचा ॲम्प्लिफायर टेबलाखाली लपवलात ते ठीक, पण याच्या आत साठ वॅटचा एक बल्ब पेटता ठेवत जा. मी तेच करतो."