अळंब्यांची जागा

"टोपली खाली ठेवा, रोझालियाबाई," वनरक्षक केस्तूतिस म्हणाला.

रोझालिया मावशीने टोपली आणखीच छातीशी धरली. तिची भाची मिल्दा तिच्या आडोशाला सरकली. टोपलीत काठोकाठ अळंबी, वर झाकायला हेदरच्या झुडपाच्या जांभळ्या फुलांच्या डहाळ्या. आणि तिघं उभी होती ती नेमकी राखीव जंगलाच्या पाटीखाली.

"आत अळंबी वेचायला बंदी आहे, ठाऊक आहे ना?"

"वाचता येतं मला."

"मग बाहेरची असतील तर जागा दाखवा. कापलेले देठ दिसले की सोडतो. नाहीतर टोपली जप्त, वर दंड."

मावशी पाइनच्या शेंड्यांकडे बघत राहिली, जणू जन्मात पाइन पाहिले नव्हते.

जागा बाहेरचीच होती, ओढ्यापलीकडे. तीन वर्षं नाकदुऱ्या काढल्यावर मावशीने आज पहिल्यांदा मिल्दाला तिथे नेलं होतं, तेही शपथ घालून. या गावात माणसं मरताना घर देतात, शेत देतात. अळंब्यांची जागा मात्र बरोबर घेऊन जातात.

एव्हाना शेजारच्या वांदा काकू सायकलवरून उतरल्या होत्या. रिकामी टोपली हँडलला लटकवून त्या वाकून साखळी बसवत होत्या. साखळी काही निसटलेली नव्हती.

"दाखवून टाक ना गं, रोझालिया," त्या लाडात म्हणाल्या. "मी पण येते की सोबतीला."

मावशीचा चेहरा खर्रकन उतरला.

केस्तूतिस मिल्दाकडे वळला. "तू सांग, बाळ. तू काही खोटं बोलायची नाहीस."

मिल्दाने वांदा काकूंच्या कानाकडे पाहिलं. तो जवळजवळ हलत होता.

"आतलीच आहेत, काका!" ती घसा ताणून म्हणाली. "माळ ओलांडला ना, की तळ्याकाठी, वाकड्या पाइनांखाली. ढिगानं!"

"बघा! या कार्टीच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ!" मावशी कडाडली.

टोपली गेली. पावती फाटली. मावशीने त्यावर अशी झोकात सही केली, जशी स्वतःच्या लग्नातही केली नसेल.

वाटेला लागल्यावर तिने अळंबी कापायचा आपला चाकू काढला आणि मिल्दाच्या खिशात सारला.

मागे साखळी एकदाची बसली होती. वांदा काकू टांग मारून पाटीखालून थेट आत निघाल्या होत्या, आणि केस्तूतिस सुस्कारा टाकून पावतीपुस्तकाचं पुढचं पान उलटत होता.