शीळ

धाकट्याची शीळ मध्येच तुटली.

मधल्याचा हात आपोआप रहाटाच्या दांड्याकडे गेला. गाळ काढायला विहिरीत उतरलेल्याने सारखी शीळ घालत राहायची, आणि ती तुटली की वरच्यांनी काही न विचारता ओढायचं. खालची हवा कधी दगा देईल, नेम नसतो. बापानेच घालून दिलेला नियम. बाप पलीकडे भिंतीच्या सावलीत खुर्चीवर बसलेला. डोळे केव्हाच गेले होते. सगळा जीव कानात.

दांडा हलेना. थोरल्याने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

“दादा, सोड. शीळ थांबलीय.”

“ऐकू येतंय मला.”

“अरे, मग ओढू दे ना.”

“सकाळी म्हातारा काय म्हणाला? घर, धंदा, सगळं शेंडेफळाला. तू न् मी जन्मभर त्याची घमेली उचलायची.” थोरला भाजीचा भाव करावा तसा, बापाच्या कानी जाणार नाही इतका हळू बोलत होता. “आपण काहीच केलेलं नाही. हवा वाईट होती. आता दोनच वाटे.”

मधल्याला ज्यूंच्या धर्मग्रंथातली ती गोष्ट आठवली, बाप लहानपणी सांगायचा ती. भावाला खड्ड्यात टाकून वर खुशाल जेवत बसलेले भाऊ. ऐकताना हा ढसाढसा रडायचा. म्हणायचा, मी असतो तर वर ओढला असता. रडायला काय जातं.

“काय रे?” सावलीतून बापाने विचारलं. “पोरगं गप्प का?”

थोरल्याने हनुवटीने विहिरीकडे खूण केली. “घाल शीळ. आत वाकून घाल. खालून आल्यासारखी वाटली पाहिजे.”

मधला कठड्यावर वाकला. तोल सावरायला त्याने धाकट्याच्या कमरेला बांधलेला दोर धरला. खाली मिट्ट काळोख. एक हाक मारली असती तरी पुरे होतं. तळहातात दोर जरासा हलला. पुन्हा एकदा हलला.

त्याने कोरडे ओठ जिभेने ओले केले आणि शीळ घातली. धाकट्याचीच चाल, शेवटच्या त्या लाडिक हेलकाव्यासकट.

बाप खुर्चीत मागे टेकला.

“दम बघा माझ्या लेकाचा,” तो म्हणाला. “तुम्हा दोघांना अशी शीळ कधी जमली नाही.”