उगम

नदीच्या दूषित चिखलातून माशीच्या अळ्या चाळून काढणे, हे प्रयोगशाळेतील माझे नित्यकर्म होय. तुलनेकरिता आमच्या संशोधक बाईंना नदीच्या उगमापाशीचा निर्मळ गाळ हवा होता. परंतु डोंगर चढण्याचा मजला आळस आला. सबब, ज्या पाण्यावर आमच्या तीन पिढ्या वाढल्या, त्या घरामागील विहिरीचा गाळ मी बरणीत भरला आणि चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात 'उगम' असे लिहिले.

बाईंनी त्या गाळातील अळ्या काचेवर घेतल्या आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"दात बघायचे असतात, भाऊ," त्या म्हणाल्या. "पाण्यात विष असलं, की अळीचे दात वाकडे येतात."

"नदीतल्या अळ्यांचे आहेत का वाकडे, बाई?"

"नदीचं सोडा हो! तुमच्या या उगमातल्या अळ्यांचे त्याहून वाकडे आहेत. तिथलं पाणी कुणी पीत नाही ना?"

मी उत्तर देण्यापूर्वीच माझ्या खिशातील फोन वाजला. पलीकडून बायको मोठ्या हर्षाने सांगू लागली,


"अहो, आपल्या चिमीला नवा दात आला! वाकडाच आहे मेला, अगदी बापावर गेलीय."